थॉर्नस्विकचा नवा अर्ल

थॉर्नस्विक, १४ जानेवारी १९०९

चि. ऑब्रीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

गर्व्हेसदादाला माती देऊन तू आपल्या चर्चकडे परतलास आणि इकडे आपल्या दुसऱ्या भावाचा, पिअर्सचा, राज्याभिषेक उरकला. दादा घोड्यावरून पडून गेला काय, आणि हा पत्रांखाली नुसतं ‘थॉर्नस्विक’ अशी अर्लची सही ठोकू लागला काय! जेवायला जाताना त्याची लेटिस दादाच्या विधवेच्या, सेसिलीच्या, पुढे चालत गेली. नव्या अर्लपत्नीचा मान ना तो! सेसिलीकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि तिला फाटकाजवळच्या विधवांच्या घरात धाडलं. तिथली चिमणी धूर आतच सोडते. मीही निघाले, तर पिअर्स म्हणाला, बरं झालं ताई, तुला हवापालट हवाच होता.

आता नीट बैस. सेसिलीला दिवस गेले आहेत. आधी दोनदा गर्भ टिकला नाही, म्हणून दादाखेरीज कुणापाशी बोलली नव्हती. बाळंतपण जूनमध्ये. मुलगा झाला तर तो जन्मतःच अर्ल आणि पिअर्स पूर्ववत साधा मिस्टर. मुलगी झाली तर सगळं पिअर्सचंच, आणि आम्ही धुरातच.

हे त्याला इतक्यात सांगायचं नाही, असं मी ठरवलं आहे. शोकाचे काळे झगे फार परोपकारी असतात. त्यांत पुष्कळ मावतं. लोभ आहेच, तूर्त मौनही असू दे.

तुझी,
हेस्टर

यॉर्क, २ मार्च

ती. हेस्टरताईस सा. न. वि. वि.

वर्तमानपत्र वाचून धसकलो. अर्लला पार्लमेंटच्या खालच्या सभागृहात बसता येत नाही, म्हणून पिअर्सने आपली जागा सोडली आणि पोटनिवडणूकही लागली! मंत्रिपद हातातोंडाशी आलं आहे त्याचं. आता मुलगा झाला तर तो ना खालच्या सभागृहाचा, ना वरच्या. ताई, अजून त्याला उमेदवारी भरता येईल, सांगून टाक. कसाही असला तरी आपला भाऊ आहे. आणि मुलगी झाली, तर तो तुम्हाला ते धुराचं घरही ठेवू देणार नाही. तू सांगत नसशील तर मी लिहितो.

रविवारी क्षमेवर प्रवचन करताना तुझा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी अडखळलो. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
ऑब्री

थॉर्नस्विक, ५ मार्च

चि. ऑब्रीस आशीर्वाद. वि. वि.

प्रवचन उत्तम असणार. अडखळलास तेवढा भाग विशेष.

दादाचा म्हातारा कुत्रा आठवतो? तो रोज दादाच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसायचा. पिअर्सने त्याला परवा गोळी घालायला लावली. म्हणाला, पाहुण्यांच्या पायांत येतो.

तुझं पत्र मी सेसिलीला वाचून दाखवलं. अंड्याबद्दल कोंबडीचेही आभार मानील अशी ती बाई. पत्राची नीट घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, निवडणूक होऊन जाऊ द्या.

आता तुला लिहायचंच असेल तर तिला विचारून लिही. कळावे, आणि कळूनही गप्प राहावे.

तुझी,
हेस्टर

थॉर्नस्विक, १९ जून

चि. ऑब्रीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल थॉर्नस्विकचे अर्ल अवतरले. वर्ण ताम्र, मस्तक निष्केश, वाणी अखंड आणि अर्थ शून्य. वरच्या सभागृहात सहज खपतील. सेसिली सुखरूप आहे आणि हसते आहे. निवडणूक उरकल्यावर ईस्टरला चर्चमध्ये तिने शाल काढली, तेव्हापासून लेटिस मुलगीच होवो म्हणून गुडघ्यांवर होती. एवढी भक्ती त्या घराण्यात आजवर कुणी केली नसेल.

दुपारी पिअर्स आला, टोपीशिवाय. त्याच्या जागी निवडून आलेल्या पोराला परवाच मंत्र्याचा सहायक नेमलं म्हणे. दारातच उभा राहिला. म्हणाला, ताई, तुला सगळं ठाऊक होतं, मग मला बोलली का नाहीस?

मी म्हटलं, या दारावरून रोज तुझी बग्गी जात होती. सेसिलीची तब्येत कशी आहे, एवढं एकदा थांबून विचारलं असतंस, तर तेव्हाच सांगितलं असतं.

बाप्तिस्मा तुझ्या हातूनच व्हायचा आहे. लोभासकट लवकर ये.

तुझी,
हेस्टर