उतारावर न्यूट्रल

बाबा,

१. गेल्या मंगळवारी शाळा सुटल्यावर आई गाडी घेऊन घाटी उतरत होती.
२. उतार लागताच तिने गिअरची दांडी ‘डी’वरून ‘एन’वर घेतली, म्हणजे न्यूट्रल केली.
३. निम्म्या उतारावर ब्रेकचा जळका वास आला. पेडल पूर्ण दाबूनही गाडी धरेना.
४. गाडी डाव्या बाजूच्या दगडी गडग्याला घासत जाऊन थांबली. वरचे काही चिरे पडले.
५. आईला लागले नाही.
६. तेव्हापासून किल्ली तुमच्या फोटोखालच्या फळीवर आहे. आई तिला हात लावत नाही.

घडले ते एवढेच. बाकीचे सांगायला मला वेळ लागतो, हे तुम्हाला माहीत आहे.

ही गाडी तुम्ही पाहिलेली नाही. मी आता जयगडला बंदरावर माल भरणाऱ्या मोठ्या लोडर यंत्रांच्या देखभालीचे काम करते. तुम्ही गेल्यावर आईची बदली आतल्या गावातल्या शाळेत झाली. एसटी फाट्यावर सोडते आणि पुढची घाटी पायी चढावी लागते. तिचा डावा गुडघा दुखतो, त्याला क्लच झेपणार नाही, म्हणून मी ही जुनी ऑटोमॅटिक गाडी तिच्यासाठी घेतली. रविवारी सकाळी मांडवीच्या रस्त्यावर शिकवायला लागले. शेजारचे काका कठड्यावर बसून ओरडायचे, “वहिनी, समुद्र डावीकडे हाय, इसरू नका हां!” आई काच खाली करून म्हणायची, “तुमची होडी तेवढी बांधून ठेवा.” पावसाळा संपेपर्यंत ती एकटी शाळेत जाऊ लागली.

क्लच नाही तर गाडी चालते कशी, हे समजल्याशिवाय तिला ती चालवायची नव्हती. तुम्हाला तिचा हा स्वभाव माहीत आहे. मी स्वयंपाकघरात दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले. एक चालू केला, दुसऱ्याची पिनसुद्धा लावली नाही. दुसराही हळूहळू फिरू लागला. गाडीत हवेच्या जागी तेल असते, मी म्हटले. इंजिनाचा पंखा तेल फेकतो, ते तेल गिअरबॉक्सच्या पंख्याला फिरवते. दोघे एकमेकांना चिकटलेले नसतात, म्हणून गाडी उभी राहिली तरी इंजिन बंद पडत नाही. पण दुसरा पंखा नेहमी थोडा मागे राहतो आणि तेवढी ताकद तेल तापवण्यात जाते. म्हणून वेग स्थिर झाला की आतली एक चकती दाबली जाते आणि दोन्ही भाग एक होऊन फिरतात. त्याला लॉकअप म्हणतात. वेग फार पडला की चकती पुन्हा सुटते.

आई पंख्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “लग्नानंतर आमचं पहिलं वर्ष असंच तेलात गेलं गो. चकती मागाहून लागली.”

गिअरसाठी मी ताट घेतले, मधोमध वाटी ठेवली आणि वाटी व ताटाची कड यांच्यामध्ये लिंबे बसवली. वाटी धरून ताट फिरवले की लिंबे गडगडत वाटीभोवती फिरतात, पण ताटापेक्षा सावकाश. लिंबांनाच धरून ठेवले तर वाटी उलटी फिरते. या गाडीत दाते एकमेकांतून कधी सुटत नाहीत. कोणाला धरायचे आणि कोणाला सोडायचे, एवढ्यावरच गिअर ठरतो. आईने स्वतः दोनदा फिरवून पाहिले आणि नंतर त्याच लिंबांचे सरबत केले.

मला हे सगळे सांगता आले. उतारावर ती काय करेल, हे मात्र माझ्या डोक्यात आले नाही. यायला हवे होते, कारण तुमच्या वडापच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर मधे मी आणि दाराशी आई, असे आम्ही रोज शाळेत जात होतो. मला ते आत्ताही दिसते. चढ संपून उतार लागतो, तुम्ही गिअर काढता, इंजिनाचा आवाज एकदम खाली बसतो आणि मागच्या माणसांचे बोलणे ऐकू येऊ लागते. तुम्ही म्हणता, “आता डिझेल देवाचं.” मागून कोणीतरी म्हणते, “मग भाडं पण देवालाच देऊ काय?” आणि सगळे हसतात. एकदा मी विचारले, “बाबा, ब्रेक लागलाच नाही तर?” तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, “गाडीत बसून अभद्र बोलायचं नाय.” मी आईच्या बाजूला सरकून बसले. त्या संध्याकाळी तुम्ही मला जुन्या गिअरबॉक्समधले एक दाता तुटलेले चक्र रॉकेलने धुऊन दिलेत. ते अजून कामावर माझ्या टेबलावर आहे. चुकलो म्हणायची तुमची ती पद्धत असावी, असे मला आता वाटते.

तुमच्या जीपला त्यात थोडे डिझेल वाचत असेलही. या गाडीत उलटे आहे. ‘डी’मध्ये ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की चाकेच इंजिनाला फिरवतात, चकती बहुधा लागलेली राहते आणि इंजिनात पेट्रोल जाणे बंद होते. उतार मोठा असेल तर दांडी ‘२’वर घ्यायची, मग इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. ‘एन’मध्ये ती पकड जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि वर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतेच.

आईला मी एवढेच सांगितले की ब्रेक तापले. ते खरे आहे, पण अर्धे. ती म्हणते, “ह्यांनी जन्मभर तशीच उतरवली, एक ओरखडा नाय. मीच वेंधळी.” स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज तिने लिहून ठेवला आहे, सोमवारी देणार आहे. पहिलीचा वर्ग सोडून ती घरी काय करील, हे मला दिसत नाही. मी म्हटले, “आई, उतारावर एन करायचं नसतं.” ती म्हणाली, “ह्यांना विचार आधी. मग मला शिकव.”

म्हणून विचारते. तिला वेंधळी राहू देऊ, की तुम्ही चुकत होतात असे सांगू? दुसरे सांगितले तर ती उद्या गाडी चालवेल. पण त्या पुढच्या सीटवरची इतकी वर्षे तिला पुन्हा मोजावी लागतील, आणि मलाही.

काल मी गाडी दुरुस्त करून आणली. मुद्दाम त्याच घाटीने आले. उतार लागला, पाय उचलला, आणि माझा हात ‘एन’कडे गेला. दांडी हलवली नाही. पण हात गेला, आणि मागच्या सीटवर कोणी बोलते आहे का, याकडे माझा कानही गेला.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. तरी रविवारी संध्याकाळपर्यंत कळवावे. नाही कळवलेत, तर सोमवारी सकाळी मी किल्ली फळीवरून काढून तिच्या हातात देईन, गाडीत तिच्या शेजारी बसेन आणि उतार लागण्याआधी तिला सगळे सांगेन.