माजी हवालदार अंगद घोळवे यांची बंदूक आजच ताब्यात घेणेबाबत

प्रति,
मा. जिल्हादंडाधिकारी साहेब,
(शस्त्र परवाना शाखा)
जिल्हाधिकारी कार्यालय, बीड.

अर्जदार : सौ. उज्ज्वला अंगद घोळवे, वय ३६, रा. चिंचखोरी, ता. वडवणी, जि. बीड.

विषय : पतीच्या बारा बोअर बंदुकीच्या परवान्याचे नूतनीकरण न होणेबाबत.

संदर्भ : पोलीस पडताळणीत दि. ६ मे रोजी अर्जदाराने दिलेला ‘हरकत नाही’ असा जबाब. (तो रद्द समजावा.)

महोदय,

१. अर्जदाराचे पती सतरा वर्षे फौजेत होते व मागील वर्षी फेब्रुवारीत हवालदार म्हणून निवृत्त झाले. माणूस निर्व्यसनी, आईवर जीव असलेला. गावाने त्यांची मिरवणूक काढली होती. सेवेत असताना घेतलेल्या बंदुकीवर त्यांना एका पतसंस्थेत पहारेकऱ्याची नोकरी लागली. तिसऱ्या महिन्यात एका म्हाताऱ्या खातेदाराने पिशवीत हात घातला म्हणून पतीने त्याला फरशीवर पालथे पाडले. पिशवीत पासबुक होते. नोकरी गेली आणि बंदूक घरी आली.

२. तेव्हापासून पती घराच्या स्लॅबवर खुर्ची टाकून पहारा देतात. रोज सकाळी ते एक शब्द ठरवतात. बाहेर गेलेल्याने परतताना फाटकाशी थांबून तो शब्द सांगायचा, मगच आत यायचे. अर्जदाराने कारण विचारले असता ते शांतपणे म्हणाले, “अमरसिंहानं इचारलं न्हाई. वळखीचा वाटला म्हनून येऊ दिला.” अमरसिंह हे त्यांचे चौकीवरील जोडीदार होते. त्याच पहाऱ्यात ते मारले गेले. याहून जास्त पती बोलत नाहीत.

३. एप्रिलमध्ये सासूबाई भिवराबाई, वय ७४, भर दुपारी शेळीचा पाला घेऊन आल्या. त्यांना त्या दिवशीचा शब्द आठवेना. पतीने त्यांच्यावर बंदूक रोखून तासभर उन्हात उभे केले. “बाबा, मी तुझी माय हाय,” असे त्या म्हणत होत्या. “माय असंल तर शब्द सांग,” असे पती म्हणत होते. शेवटी अर्जदाराने आतून भांडी घासत तो शब्द मोठ्याने म्हटला, सासूबाईंनी तो ऐकून सांगितला, तेव्हा सुटका झाली. नंतर पतीने आईचे पाय स्वतः धुतले व ते लहान मुलासारखे रडले. दुसऱ्या सकाळी नवा शब्द ठरला. सासूबाई आता दिवसभर शब्द पुटपुटत असतात. मुलगी मनिषा हिला घाटनांदूरला मामाकडे ठेवले आहे.

४. मागील आठवड्यात चुलत दीर रामप्रसाद हे पेंडीचे पोते द्यायला आले. त्यांच्यावरही बंदूक रोखली गेली. ते आता आमच्या वाटेने येत नाहीत. रस्त्यात भेटले तेव्हा एवढेच म्हणाले, “वहिनी, त्यो माझ्याकडंच बघत व्हता, पर मी त्येला दिसत नव्हतो.” पडताळणीच्या दिवशी पती शेजारीच बसले होते, म्हणून अर्जदाराने सही केली.

५. आज अर्जदार मुलीच्या दाखल्याचे कारण सांगून आली आहे. येताना पतीच्या पेटीतील काडतुसे भाकरीच्या डब्यात घालून आणली आहेत. हा गुन्हा आहे हे ठाऊक आहे. होईल ती शिक्षा मान्य आहे. पती रोज सायंकाळी सहाला पेटी उघडून काडतुसे मोजतात. सासूबाईंना सोबत चला म्हटले, तर म्हणाल्या, “म्या गेले तर त्येला जेवू कोन घालंल?” त्या घरीच आहेत.

६. तरी सहाच्या आत बंदूक ताब्यात घ्यावी, ही विनंती. पतीवर गुन्हा नको. त्यांना फौजेच्या दवाखान्यात न्यावे. जाणाऱ्या पोलिसांनी फाटक ढकलू नये. आजचा शब्द अर्जदार तोंडी सांगेल.

आपल्या दालनाबाहेर बाकावर बसलेली,
आपली नम्र,
उज्ज्वला अंगद घोळवे

बीड, दि. १३ मे २०२५, दुपारी सव्वादोन.

सोबत :
१) परवान्याची झेरॉक्स.
२) पतीचे सेवामुक्ती पुस्तक.
३) काडतुसे, नग २४. (परवान्यावर २५ ची नोंद आहे. येथे बसून तीनदा मोजली. एक घरीच राहिले आहे.)