माइक बंद झाल्यावरचं गाणं

रविवार, ६ फेब्रुवारी १९८३. कासार आंबोली

आज पुन्हा तेच! ज्ञानदेवदादा म्हणाला, "चंद्रकले, तू मागं उभी राहून झील धर. पुढं गायला लीलाबाई हाय. तुझा आवाज म्हंजी फाटका पत्रा." सगळी गायनपार्टी हसली. ढोलकीवाला भैरू तर पोट धरून. मीही हसले. का हसले? आता लाज वाटते.

शनिवार, १२ फेब्रुवारी

बंगल्यावर झाडायला गेले तर मालकांची मुलगी आलेली. लंडनला शिकते. केस स्वतःच कापलेत, वेडेवाकडे! टेप लावून बसली होती. चार बायका — गिटार, ड्रम, सगळं त्याच वाजवत होत्या. आणि गात होत्या म्हणू की भांडत होत्या? एकीचा आवाज थेट माझ्यासारखा. केरसुणी हातात तशीच राहिली.

"याला पंक म्हणतात," ती म्हणाली. "सूर नीट लागेपर्यंत या थांबल्याच नाहीत. सांगायचं ते सांगून मोकळ्या झाल्या."

कॅसेट मलाच देऊन टाकली. दादा कारखान्यात गेला की त्याच्या टेपवर लावते. एक शब्द कळत नाही. राग मात्र सगळा कळतो.

३ मार्च

गाणं केलं. मी! विहिरीवर गावातले लोक आईला वरून पाणी ओतायचे, ती खाली ओंजळ धरून उभी असायची — त्याचं. प्रत्येक कडव्याशेवटी एकच ओळ: आता ओंजळ धरनार न्हाई!

दादा म्हणाला, "हे गाणं हाय का भांडण?" मग माझ्या तोंडाकडे बघून, "बरं. चौदा एप्रिलच्या जयंतीला शेवटी एक कडवं. एकच."

२० मार्च

माले गावचे पाहुणे मला बघायला आले. मुलगा कोंडीराम, पिरंगुटला कामाला. त्याची आई केशरबाई पदर तोंडाशी धरून बसलेल्या, अवाक्षर नाही. बोलले ते वडील, कुशाबा. "लग्नानंतर स्टेज बंद. आमच्या घरात बाया गात न्हाईत." दादा लगेच, "व्हय, व्हय!" मला कोणी विचारलं?

लग्न ८ मेला. म्हणजे जयंतीचं गाणं पहिलं आणि तेच शेवटचं.

१५ एप्रिल

संपलं.

काल दुसऱ्या ओळीलाच माइक बंद. दादानंच मशीनचं बटण फिरवलं, मी बघितलं! मालेचे पाहुणे आले होते, कुशाबा पहिल्याच रांगेत कपाळाला आठ्या घालून. मी तशीच ओरडत राहिले, कडवं पुरं केलं. कोणाला ऐकू गेलं असेल? लोक चपला शोधत होते.

आणि कार्यक्रम टेप केला तो कशावर? माझ्या कॅसेटवर! पुसली जाऊ नये म्हणून कॅसेटला भोक असतं, त्यात कागद कोंबून. "ते विंग्रजी केकाटणं कोन ऐकतं?" म्हणे. चारही बायका पुसल्या गेल्या. दादाशी बोलत नाही. त्याच्या ते लक्षातही आलेलं नाही.

१७ एप्रिल

कॅसेट ऐकली. लीलाबाई गोड, गोड, गोड. शेवटी माझी एक ओळ, मग खरखर, आणि पार लांबून मी. टेप मागं बायकांच्यात ठेवला होता. त्यातली कोणी बाई अगदी जवळून ओरडते — "गा गं पोरी, थांबू नगंस!"

कोण ती? सारजाबाईला, धोंडाबाईला ऐकवलं. आपल्या वस्तीतली नाही म्हणाल्या. असेल कोणी. आता काय उपयोग?

७ मे

उद्या लग्न. कॅसेट ट्रंकेत तळाशी टाकली. टेप दादाकडेच राहणार. मुकी कॅसेट कशाला नेते, माहीत नाही.

२९ मे. माले

चूल, गोठा, पाणी. घरात बोलतात ते फक्त मामंजी. सासूबाईंना, केशरबाईंना, आत्याबाई म्हणायचं; त्या मान हलवतात, हातानं खुणावतात, फार तर कुजबुजतात. कोंडीराम वाईट नाही, पण बापापुढे त्याचंही तोंड उघडत नाही. आत्याबाईंकडे बघितलं की वाटतं, चाळीस वर्षांनी मी अशीच असणार. चाळीस कशाला? आत्ताच आहे.

१४ जून

काही नाही.

६ जुलै

मामंजी पौडला गेलेले. भाताच्या खाचरात मी आणि आत्याबाई, दोघीच. रोप लावता लावता नकळत तोंडातून आलं — आता ओंजळ धरनार न्हाई. घाबरून गप्प झाले.

आत्याबाई वाकलेल्याच. वर न बघता म्हणाल्या, मोठ्यानं, फाटक्या आवाजात —

"गा गं पोरी, थांबू नगंस!"

कॅसेटमधली बाई!