कपड्यांची काठी नेतोय

निशा,

तू आंघोळीला गेलीस, मी थांबत नाही. माझा फोन येईपर्यंत आईला डायलिसिसला नेऊ नको. आज दहाला पांडेसऱ्यात, सेंटर आहे तिथे, लाईट जाणार आहे आणि सेंटरच्या जनरेटरचं डिझेल रोज बघायचं काम माझं, ते मी मोबाईलवर बघतो. चार दिवसांत जनरेटर दोनदा चालला, तरी आकडा बासष्ट टक्क्यांवरून हलला नाही, हे मला आत्ता दिसलं. टाकीतला, डिझेल किती ते दाखवणारा फ्लोट अडकला असणार. रोज टाकीत काठी घालून बघायचं असतं. मी घरी बसूनच ‘बघितलं’ लिहीत होतो. कपडे वाळत घालायची काठी नेतोय. आईला काही बोलू नको, मी सांगेन.

सेंटरमध्ये फोन कोणी उचलत नाही. सकाळच्या पाळीतल्या सात जणांना मशीन लावलंही असेल. त्यांच्या घरी कोणी चिठ्ठी ठेवलेली नाही.

दादा