टेबलाखालची जागा

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा पुस्तकबांधणी, राहणार याच घराच्या तळमजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून लिहूनही घेतलेलं नाही. सोमवारी हृदयाची शस्त्रक्रिया आहे. मोठे डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही कारण नाही," आणि पाठोपाठ विचारलं, "घरात निर्णय कोण घेतं?" त्या दोन वाक्यांच्या मधे मी हे लिहायचं ठरवलं.

मी शुद्धीवर असल्याचा दाखला कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी दिला आहे. त्या म्हणाल्या, "अहो, मी लहान मुलांना तपासते." मी म्हटलं, "म्हणूनच तुमच्याकडे आलो."

कलम १. घराचा वरचा मजला मुलगा आणि सून यांच्या नावे, सारख्या हक्कानं. बँकेतली शिल्लकही तशीच. कागदोपत्री सुनेचं नाव आधी घालावं. लेकीसाठी तिनं चांगली नोकरी सोडली, त्याबद्दल या घरात कोणी तिला कधी धड चार शब्द बोललं नाही, मीसुद्धा नाही.

कलम २. पुस्तकं दाबायचा शिकंजा, कापायचं यंत्र, दाभणं आणि धारेची सगळी हत्यारं मला काम देणाऱ्या छापखान्याला द्यावीत. ती तळमजल्यावर राहता कामा नयेत. कारण पुढे येईल. मोठी कात्री समोरच्या शिंपीदादांना. ती कित्येक वर्षं त्यांच्याकडेच उसनी आहे. "उद्या आणून देतो," असं त्यांनी यापुढे म्हणू नये.

कलम ३. शाळेची जुनी वाचनपुस्तकं नातीला. माझी शाळा लवकर सुटली, पण पुस्तकं बांधायला येत राहिली, त्यामुळे दर उन्हाळ्यात एकेक नवी इयत्ता घरी यायची. छापील पानांचे फर्मे शिवताना मी कविता मोठ्यानं म्हणायचो. आमची ही, आता ती नाही, म्हणायची, "तुमच्या सुईला दोऱ्यापेक्षा यमक जास्त लागतं." अजूनही खळीचा वास आला की कुठल्यातरी कवितेतला ओढा वाहायला लागतो आणि मी हातातलं काम विसरतो. ही पुस्तकं नातीला वाचायला लावू नयेत. हाती लागली तर लागली.

कलम ४. तळमजल्याची खोली. हे मृत्युपत्र खरं तर या एका कलमासाठी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नात चार वर्षांची आहे. घरात तिला भिंगरी म्हणतात. हे नाव ती दीड वर्षाची असताना पडलं आणि तेव्हा ते शोभत होतं. ती सकाळी खाली यायची ती थेट माझ्या कापायच्या टेबलाखाली. तिथे कात्रणांचा ढीग असतो. ती कात्रणं कधी तिकिटं व्हायची, कधी मासे, कधी आजारी माणसं. मला पेशंट करून ती माझ्या गुडघ्याला पट्टी बांधायची आणि दम द्यायची, "रडायचं नाही हं, नाहीतर मोठी सुई!"

मग शाळाप्रवेशाचं सुरू झालं. रंग, आकार, आकडे, दोन भाषांतले प्राण्यांचे आवाज. सकाळी तक्ते, दुपारी तक्ते. खेळणी खोक्यात, खोकी माळ्यावर. सून म्हणाली, "बाबा, थोडेच दिवस. एकदा प्रवेश झाला की खेळू दे हवं तितकं."

शाळेतल्या बाईंनी भिंगरीला काहीच विचारलं नाही. ठोकळ्यांची टोपली पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "यातलं तुला हवं ते कर." भिंगरी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. शेवटी तिनं विचारलं, "काय करू?" बाई म्हणाल्या, "काहीही." तेव्हा ती रडली. प्रवेश मिळाला नाही. घरी आल्यावर याचा अर्थ असा लावला गेला की तयारी कमी पडली. ठोकळे आणले आणि ठोकळ्यांचाही तक्ता झाला: सोमवारी मनोरा, मंगळवारी पूल. अशी चूक आमच्याच घरात होऊ शकते.

नंतर ती बाही चावायला लागली, बोलेनाशी झाली. तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. मुलगा, सून आणि मी, तिघंही होतो. बाईंनी तपासून सांगितलं, "आजार नाही. खेळायला कोण असतं हिच्याबरोबर?"

सून म्हणाली, "वेळच कुठे उरतो?"

बाई म्हणाल्या, "याच वयात मेंदूत जोडण्या होत असतात हो, झपाट्यानं. आणि त्या घोकून होत नाहीत. खोक्याची गाडी करायची म्हणजे खोकंही लक्षात ठेवायचं आणि गाडीही. ड्रायव्हर व्हायला आपली पाळी येईपर्यंत दम धरायचा. भांडण झालं तर शब्द शोधून मिटवायचं. गाडी मोडली की दुसरं काही सुचवायचं. लक्ष, भाषा, स्वतःला आवरणं, सगळं यातूनच उभं राहतं. आकडे येतील मागून. माती, पाणी, खोटं खोटं घर, आणि तिचं ऐकून खेळणारं एक माणूस. हेच औषध समजा."

जिना उतरताना मुलगा म्हणाला, "यांचं बरं आहे. यांची मुलं लागली मार्गाला."

सून रात्रीच्या जेवणानंतर ताटं उचलता उचलता हळूच म्हणाली, "बाबा, मला पटतं हो. पण सगळ्यांची पुढे गेली आणि ही एकटीच खेळत राहिली तर? तेव्हा ती विचारेल कोणाला? मलाच ना?" याचं उत्तर कवितेत असतं तसं सोपं असतं, तर मी एवढी कलमं कशाला लिहिली असती?

आता या खोलीत प्रवेशपूर्व वर्ग काढायचं ठरलं आहे. सून चालवणार. भिंगरी आणि गल्लीतली आणखी मुलं, लहान लहान बाकं, भिंतीवर फळा. रंगारी माप घेऊन गेला. मी दवाखान्यात असताना टेबल हलवून रंग काढतील. मी मुलाला म्हटलं, "अरे, तू याच टेबलाखाली वाढलास."

तो म्हणाला, "वाढलो कसला? कात्रणं गोळा करायला बसवायचात तुम्ही मला."

हे मला लागलं. मी खोलीत येऊन आडवा झालो आणि टेबलाखाली सरकलो. उठताना शिंपीदादांना हाक मारावी लागली, ते असो. फळीच्या खालच्या बाजूला त्यानं खळीनं चिकटवलेल्या कागदी लाटा अजून आहेत. पिवळ्या पडल्यात, पण आहेत. त्याच्यासाठी मी दोन ओळी जुळवल्या होत्या आणि तो त्या बेंबीच्या देठापासून ओरडायचा:

पुठ्ठ्याची होडी चालली दूर,
टेबलाखाली आलाय पूर!

कदाचित त्याला आठवतंय तेही खरं असेल. लाटा चिकटवायच्या आधी कात्रणं त्यानं गोळा केलीच असणार. आज तो खरे पूल बांधतो. पुराच्या पाण्यावरचे. त्याचं बीज कुठे पडलं हे मी त्याला सांगायला गेलो, तर त्याला फोन आला.

बाळा, तुला बांधणी शिकवताना एक गोष्ट सांगितली होती. पुठ्ठा पुस्तकाच्या कण्याला भिडवायचा नाही, मधे थोडी जागा मोकळी सोडायची. नवख्याला ती जागा वाया गेल्यासारखी वाटते. तो पुठ्ठा अगदी लगटून चिकटवतो. पुस्तक दिसतं रेखीव, पण उघडायला गेलं की फाटतं. एवढंच म्हणायचं आहे.

तरी सदर खोली, टेबल आणि त्याखालच्या जागेसह, मी नातीच्या नावे करत आहे. ती दहा वर्षांची होईपर्यंत तिथे वर्ग, फळा, बाकं, तक्ते यांपैकी काहीही असू नये. गल्लीतली मुलं येऊ शकतात. पाणी सांडू शकतं. दहाव्या वर्षानंतर तिला वाटलं तर तिनं तिथे बँक काढावी. देखरेखीसाठी व्यवस्थापक म्हणून मी डॉक्टरबाईंना नेमत आहे.

मला इथे "नातीने रोज खेळावे" असंच लिहायचं होतं. कच्चा मसुदा ज्यांना दाखवला त्या वकीलबाई हसल्या. "आजोबा, अशी अट घालता येत नाही. पाळली की नाही, कोण तपासणार? जागेचं काय होऊ नये तेवढं लिहा." मोठ्या माणसानं खोलीत बोलावल्याशिवाय येऊ नये आणि आल्यास सांगितलं जाईल ते, म्हणजे घोडा, गिऱ्हाईक किंवा पेशंट, व्हावं, ही ओळही त्यांनी खोडायला सांगितली होती. ती मी विनंती म्हणून ठेवतो.

मी निघताना त्यांनी विचारलं, "रंगारी कधी येणार?"

"सोमवारी."

"मग याचा काय उपयोग? मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर बोलणार. सोमवारच्या आधी तुम्हालाच बोलावं लागेल."

हे मला आधी सुचलं नव्हतं. म्हणून सही झाली की हे मृत्युपत्र मी आजच, जिवंतपणी, दोघांना समोर बसवून वाचून दाखवणार आहे. शस्त्रक्रियेपेक्षा याची भीती जास्त वाटते.

कलम ५. या कागदावर खाडाखोड नाही. उजव्या कोपऱ्यातला खळीचा डाग खाडाखोड समजू नये. तो कसा पडला ते नोंदवतो.

मी हे लिहीत असताना साक्षीदार आले. त्यांच्या मागोमाग भिंगरी आली आणि टेबलाखाली गेली. बराच वेळ कात्रणांकडे नुसती बघत होती. मग विचारलं, "आजोबा, इथे काय करायचं?" मी उत्तर दिलं नाही. फार जड गेलं. शिंपीदादा सांगायला लागले, तर डॉक्टरबाईंनी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. आम्ही तिघं म्हातारेकोतारे श्वास रोखून बसलो होतो. खाली ठेवलेल्या खळीच्या भांड्यात बोटं बुडाल्याचा आवाज आला. मग एक ओला हात वर आला, या कागदाचा कोपरा चाचपला आणि भिंगरी म्हणाली, "आजोबा, पाय वर घे. पाणी आलंय."

मी पाय वर घेतले. शिंपीदादांनीही घेतले.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. भिंगरीनं हात फ्रॉकला पुसले आणि भरभर म्हणायला लागली, "लाल, पिवळा, निळा, हिरवा…"

सून दारात आली. हातात तक्ता होता. आधी तिला लेकीचा फ्रॉक दिसला, मग आमचे पाय. म्हणाली, "बाबा, पाय का वर घेतलेत?"

मी म्हटलं, "पाणी आलंय."

तिनं कोरड्या फरशीकडे पाहिलं. रंगांची नावं थांबली आहेत. हे लिहितोय तेव्हा सून उंबरठ्यावरच आहे. आत पाऊल टाकलेलं नाही, परतही गेलेली नाही. मी सही करतो आहे.

सही: (पुस्तकबांधणीवाला, आजोबा)

साक्षीदार १: समोरचे शिंपीदादा (सही करताना पाय वर)
साक्षीदार २: कोपऱ्यावरच्या डॉक्टरबाई

स्थळ: तळमजला, कापायच्या टेबलाशी
दिनांक: रंगारी यायच्या आधीचा शुक्रवार, दुपार