डाव्या खांद्याचे दोन स्टार

प्रिय मर्सी,

तुझा फोन आला तेव्हा मी 'बघू' म्हणालो आणि रेंज गेली असं सांगून ठेवून दिला. रेंज गेली नव्हती. त्यानंतर रोज ठरवतो की आज मर्सीला पत्र लिहायचंच, आणि रोज मधेच काहीतरी निघतं. एक दिवस पेनच सापडलं नाही. पेन सापडलं त्या दिवशी स्टेशनाबाहेर कुणाची तरी शेळी टेम्पोतून उडी मारून पळाली, ती धरायला गेलो, शेळीवाल्यानं जेवायला बसवलं आणि दिवस गेला. शेळी चांगली होती, पांढरी, एका कानावर काळा ठिपका. पण ते जाऊ दे. फोनवरच का नाही सांगत असं म्हणशील. फोनवर तू मला हसवतेस आणि मुद्दा राहून जातो. आज शुक्रवार, अयुबचाचा नमाजाला गेलेत, दुकानात मी एकटाच आहे, आणि समोर कपडे बेतायचा हा खाकी कागद पडलाय. त्याचाच तुकडा फाडून घेतला. वास मशीनच्या तेलाचा येईल, नाक मुरडू नकोस.

हो, अयुबचाचा म्हणजे आपले दौंडचेच अयुबचाचा, पप्पा होते तेव्हा त्यांचा रेल्वेचा गणवेश शिवायचे ते. मी गोव्यात नाही. जत्रेतल्या पाळण्यावाल्यांबरोबरही नाही. पावसाळा संपला तेव्हापासून दौंडलाच आहे, चाचांच्या दुकानात. मम्मीला अजून माहीत नाही. इथं का बसलोय ते सांगतोच, पण आधी तुझ्या फोनबद्दल.

तू म्हणालीस की मिलिटरीच्या नर्सिंगची चार वर्षं संपली, आता लेफ्टनंट होणार, आणि त्या समारंभात घरची दोन माणसं पुढं येऊन खांद्यावर स्टार लावतात. एका बाजूला एक माणूस. उजव्या खांद्याला मम्मी आणि डाव्याला दादा. मी म्हणालो, 'अगं, पास्टरांना बोलाव, मामांना बोलाव.' तर तू एकदम मेजर असल्यासारखी म्हणालीस, 'दुसरं कुणी नको. तुम्ही दोघं एकत्र या, नाहीतर दोन्ही खांद्यांना आमच्या मॅडमच स्टार लावतील, आणि मी फोटो पण पाठवणार नाही.' मर्सी, तुला सगळं माहीत असून तू हे मागितलंस. मम्मी नि मी गेली दोन वर्षं एकमेकांशी बोललेलो नाही.

तू तेव्हा पुण्यात होतीस, म्हणून तुला अर्धंच कळलं असणार. रांजणगावच्या कंपनीत मला चिकटवायला मम्मी चर्चमधल्या किती जणांच्या दारात गेली होती. कंपनीची बस शिरूरला आपल्या घरापाशी यायची, डबा मिळायचा, पर्मनंट व्हायची वेळ आलेली. आणि एका सकाळी बस सिग्नलला थांबली, तर शेजारी ट्रकमध्ये जत्रेतला मोठा पाळणा, सुटा केलेला, सगळे पाळणे दोरीनं बांधून उलटे ठेवलेले. वर एक माणूस झोपलेला. मला काय झालं कुणास ठाऊक, मी खाली उतरलो आणि त्या ट्रकमध्ये चढलो. आठवड्यानं घरी आलो तर मम्मी दारातच उभी. ओरडली नाही. तिनं नुसतं म्हटलं, 'गिदोन, एका जागी बसाया शिकशील तवा ये. तवर मला तोंड दावू नगंस.' आणि कडी लावली. कडीचा आवाज आपल्या घराचा कसा आहे तुला ठाऊक आहे, अख्ख्या गल्लीला ऐकू जातो.

पाळण्यावर मी तिकिटं फाडायचो. मालक कोंडिबा, मोठा गप्पिष्ट माणूस. त्याला एकदा सांगितलं की माझी बहीण मिलिटरीच्या नर्सिंग कॉलेजात आहे, सरकार शिकवतंय, पुढं ऑफिसर होणार. पठ्ठ्यानं ऐन गर्दीत माईक हातात घेतला. 'मंडळी, ज्या गिदोनच्या हातून तुम्ही तिकीट घेताय, त्याची भैन उद्या मिलिटरीत साहेब व्हणार हाय, तवा रांगेत धक्काबुक्की करू नगा!' लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक आजीबाई तर मला पाच रुपये देऊन गेल्या, पोरीला पेढा घ्या म्हणाल्या. मी त्याची भजी खाल्ली. पुढच्या जत्रेत कोंडिबानं तुला कर्नल केलं, त्याच्या पुढच्या जत्रेत तुझ्याकडं रणगाडा होता. मी काही दुरुस्त केलं नाही. ऐकायला बरं वाटायचं.

पण खरी गोष्ट त्याहून मोठी आहे, हे मला कळतं. बारावीच्या वर्षी तू खासगी नर्सिंग कॉलेजची माहिती काढून आलीस, फीचा आकडा सांगितलास आणि तो कागद परत घडी घालून ठेवलास. मम्मी दिवसभर हॉस्पिटलात आयाचं काम करून आलेली, पायाला तेल चोळत बसली होती. तिच्या वॉर्डातल्या सिस्टर लोकांसारखी तू व्हावीस हे तिनं तू रांगत होतीस तेव्हापासून ठरवलेलं. दोन दिवसांनी तू लायब्ररीतून येऊन सांगितलंस की मिलिटरीत एक कोर्स आहे, मुलींसाठीच, शिक्षण, राहणं, जेवण सगळं त्यांचं, वर दर महिन्याला हातात थोडे पैसे, आणि मग इतकी वर्षं त्यांच्याकडं नोकरी करायची असा करार. मम्मी घाबरली. 'फुकाट कोन शिकवतं गं? म्हंजी पोरगी ठिवूनच घ्येणार की!' मी म्हणालो, 'मम्मी, पगार देऊन ठेवून घेणार आहेत.' तुला तेव्हा हसू आलं, मम्मीला नाही. पण सही करायच्या दिवशी तिनं चष्मा पुसला, ताठ बसली, आणि मार्था ख्रिस्तोफर असं अख्खं नाव लिहिलं, एक अक्षर न मोडता. बाहेर आल्यावर मला म्हणाली, 'देवाला दिली असती तरी इतकं इचारलं नसतं त्यांनी.'

आणि या कोर्सासाठी दिलेली ती परीक्षा आठवते? नीटची? मी शेजारच्या भिमाची गाडी मागून आणलेली, तिचा आरसा हलायचा म्हणून तू तो पूर्ण रस्ता हातानं धरलेलास. सेंटरवर पोचलो तर गेटवरचा माणूस म्हणतो, पूर्ण बाहीचा कुडता चालणार नाही. तू रडायच्या बेतात. सगळ्या मुली आत चाललेल्या. मी रस्त्यापलीकडच्या न्हाव्याच्या दुकानात घुसलो, गिऱ्हाइकाची अर्धी मिशी झालेली, न्हाव्याच्या हातातली कात्री घेतली आणि तुझ्या दोन्ही बाह्या कापून टाकल्या. एक कोपराच्या वर गेली, दुसरी कोपराच्या खाली राहिली. तू आत पळालीस आणि पाठमोरी बघितल्यावर मला कळलं की मी काय करून ठेवलंय. तीन तास मी न्हाव्याच्या बाकावर बसून होतो. तो म्हणाला, 'बहिणीचं काय व्हईल ते व्हईल, पण तू शिंपी होऊ नगंस.' तू बाहेर आलीस आणि पहिलं वाक्य काय, तर 'दादा, पेपर सोपा होता, पण डावीकडं थंडी वाजत होती.'

तर आता सांगतो मी इथं का आहे. तुझी शेवटच्या वर्षाची परीक्षा जवळ आली तेव्हा तूच बोलता बोलता म्हणाली होतीस की शेवटी घरचे येऊन स्टार लावतात. तू विसरली असशील, तेव्हा तू माझं नावही घेतलं नव्हतंस. पण मला झोप येईना. डोळ्यांसमोर सारखी ती बाही. समोर कर्नल, ब्रिगेडियर, इस्त्रीचे कपडे, आणि माझ्या हातानं तुझ्या खांद्यावर एक स्टार वर, एक खाली. मग मी कोंडिबाला सांगून निघालो. तो म्हणाला, 'पाळणा सोडून सुई धरनार? जा बाबा.' दौंडला आलो कारण राखीव पोलीस दलाचे लोक गणवेश चाचांकडंच शिवतात, आणि मला दुसरा स्टारवाला माणूस माहीत नव्हता. चाचा मला बघून म्हणाले, 'अरे गिदोन, तू? तुझ्या पायाची भिंगरी काय रेल्वेनं जप्त केली का?' मी म्हणालो, चाचा, मला स्टार लावायला शिकवा. त्यांनी विचारलं, कुणाला? मी सांगितलं. मग ते म्हणाले, 'पहले काज करायला शिक. स्टार बाद में.'

काज, बटण, इस्त्री, मग फीत. आणि मग स्टार. चार महिने एका स्टुलावर बसलोय मर्सी, मला स्वतःला खरं वाटत नाही. गाड्यांचे भोंगे ऐकू येतात, मद्रासकडं जाणारी, सोलापूरकडं जाणारी, आणि पाय नुसते स्टुलाखाली हलत राहतात. परवा एक हवालदार बढती मिळून फौजदार झाले. त्यांनाही दोनच स्टार, तुझ्यासारखे. चाचांनी त्यांचा खांदा माझ्या स्वाधीन केला. पहिल्यांदा पिन थेट आत गेली. ते ओरडले, 'अरं ए, माझं प्रमोशन हाय का पोस्टमार्टम?' दुसऱ्यांदा जमलं. चाचांनी पट्टी लावून बघितलं आणि चहा मागवला. फौजदारीणबाई शेजारी उभ्या होत्या, त्यांना इतकं आवडलं की त्यांनी समारंभात नवऱ्याला स्टार स्वतः लावायचे ठरवले आणि मी त्यांनाही शिकवलं. मी, दहावीवाला. आता तू म्हणशील, दादा, आमच्याकडं स्टार आधीच पट्टीवर बसवलेले असतात, तुम्ही नुसतं वरचं कापड काढायचं. असेल तसं. मग मी ते कापड सरळ काढीन.

तर उत्तर असं आहे की मी येतो. इतकंच लिहायला ही सगळी बडबड. डावा खांदा माझा. उजव्याचं मात्र मला माहीत नाही. शिरूरच्या एसटीपर्यंत दोनदा गेलो आणि परत फिरलो. एका जागी बसायला शिकलो म्हणून सांगायला जायचं, तर तिथं जाऊन उभं राहायला जमेना. वाटलं की तुलाच सांगावं, मम्मीला तूच बोल, तुझं ती ऐकते. म्हणून खरं तर हे पत्र. म्हणजे होतं. कारण चाचा नमाजाहून आलेत, आणि त्यांच्या मागोमाग कुणीतरी पायरीवर येऊन चपला काढतंय, आणि मी टांगलेल्या शर्टांच्या मागं आहे म्हणून मला दिसत नाही, पण आवाज मम्मीचा आहे. शिरूरहून आलीय, एकटी. म्हणतेय, 'भाऊजी, पोरीच्या खांद्यावर स्टार लावायचा हाय मला. कसा लावत्यात त्येवढं दावा. माझा हात कापतो, साहेब लोकांम्होरं पोरीला टोचाया नगं.' चाचा हसतायत. म्हणतायत, 'वहिनी, मी कशाला? आपल्याकडं त्याचा खास माणूस हाय. चार महिने झाले, स्टुलावरनं हलला न्हाई.' मम्मी विचारतेय, 'कोन?' चाचा शर्ट बाजूला सारतायत. थांबतो मर्सी, सरावाचे स्टार माझ्या खिशात आहेत, तिला द्यायला उठतोय.

तुझाच,
दादा