खळीवरची लिया

१२ जुलै, शनिवार
पाटकर सरांचा फोन. सप्टेंबरच्या प्रदर्शनाला माझी सात चित्रं हवीत. सर शाळेत चित्रकला शिकवायचे, निवृत्त झाल्यापासून आम्हा हौशी मंडळींसाठी दरवर्षी नाट्यगृहाच्या वरचा हॉल मिळवतात. मागच्या वर्षी मला चारांची जागा होती, यंदा सात! मी ताबडतोब हो म्हटलं आणि मग मोजली. नवी चार, जुनी तीन. जमतंय.

दुकान बंद करून जुनी तीन कपाटावरून काढली. चादर सोडल्याबरोबर कुबट वास. वडाळे तलावाच्या चित्रात पाण्यावर काळे-हिरवे ठिपके. आधी वाटलं मीच काढलंय, शेवाळ. चष्मा लावून पाहिलं. मी नाही काढलेलं.

१३ जुलै, रविवार
तिन्हींना आहे. कोळणीच्या चित्रात तर पार तिच्या पदरावर.

१४ जुलै, सोमवार
वैजूला दाखवलं. ती कोन गावाहून येते, दुकानातली हूक-काजं आणि हातशिलाई तिच्याकडे. तिने तलाव नाकाशी धरला.
"बुरा आलाय बाई. पापडाला येतो ना, तसा. रंगाला काय नाय झालं, आतल्या खलीला लागलाय."

खळ. बरोबर. सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा चित्र काढायला बसले तेव्हा फोनवर व्हिडिओ बघितला होता. त्यात एक बाई कापडाला रंगाच्या आधी पांढरं काहीतरी फासत होती. भाषा कळली नाही. मी म्हटलं, खळ. दुसरं काय असणार? आयुष्य कापडात गेलेलं. मांजरपाट घेतलं, मैद्याची खळ शिजवली, पुढून-मागून दोन हात दिले, वाळल्यावर इस्त्री. इतकं गुळगुळीत झालं की स्वतःवरच खूश. दोन वर्षांपूर्वी विकतचं तयार कापड आणायला लागले तोवर सगळी चित्रं खळीवरच.

लिहिता लिहिता आठवलं. चौथं आहे. हन्नामावशींकडे.

१५ जुलै, मंगळवार
दोन ब्लाउजचे गळे उलटे कापले.

१७ जुलै, गुरुवार
ह. मा. स्वतःच दुकानात आल्या. नेमक्या. तीस वर्षं त्यांचे ब्लाउज मीच शिवतेय. बँकेतून रिटायर झाल्या, जुन्या पनवेलात एकट्या राहतात. मुलगा कधीचा इस्राएलला, बीरशेबाला. आता त्याही जाणार, कायमच्या. त्यांचे ज्यू सण ऑक्टोबरात संपले की तिकीट. सहा ब्लाउज टाकले, म्हणाल्या, तिकडे तुझ्यासारखं बाही बसवणारं कोण मिळणार.

मग म्हणाल्या, लियाला हातातल्या बॅगेत नेणार आहे, सामानात टाकणार नाही.

लिया म्हणजे त्यांची धाकटी बहीण. दोघी बरोबरच यायच्या. ह. मा. मापं देत असताना लिया बाकावर बसून भिजवलेले वाल सोलायची, पिशवीतून ताट काढून. माझ्या दुकानात बिरड्याची सालं! दर वेळी मी चिडायचे. तीन वर्षांपूर्वी गेली आणि मी ती आठवणीतून काढली, बाकावर बसलेली, मांडीवर ताट, तोंड जरा उघडं. मागच्या प्रदर्शनात ह. मा. त्या चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि हॉल बंद होईपर्यंत हलल्या नाहीत. माझं विकलं गेलेलं पहिलं आणि एकमेव चित्र.

मी त्यांना काही सांगितलं नाही. नुसतं बाहीच्या मुंढ्याचं माप दोनदा घेतलं.

२० जुलै, रविवार
पाटकर सरांकडे गेले. तिन्ही चित्रं घेऊन. सर आधी हसले, मग माझं तोंड बघून त्यांनी तलाव उलटा करून पाहिला. म्हणाले, बुरशी धरू नये म्हणून बुक-बाइंडिंगवालेसुद्धा खळीत मोरचूद घालतात, तू का नाही घातलंस?
मला मोरचूद माहीत होतं. ठाऊक असून घातलं नाही, कारण त्याने पांढऱ्यावर निळसर झाक येते. मला पांढरं शुभ्र हवं होतं. मोठी आली शुभ्रवाली.

कोळणीचं आता काही होणार नाही म्हणाले. बाकीच्या दोन्हींना वेळ लागेल. प्रदर्शनाला चारच दे.
लियाबद्दल सरांना बोलले नाही.

२१ जुलै, सोमवार
ठरवलं. लिया पुन्हा काढायची. चांगल्या कापडावर, त्याच मापाची. फ्रेम बदलून देते म्हणून जुनं आणायचं आणि त्या फ्रेममध्ये नवं घालून परत द्यायचं. ह. मा. ना पत्ताही लागणार नाही. जुन्याचा फोटो फोनमध्ये आहे.

सुभाषला सांगितलं. नवरा म्हणून त्याने एकच प्रश्न विचारला, "आणि लागला तर?" मी कुकर लावायला उठले.

२ ऑगस्ट, शनिवार
झालं. तेरा दिवस, दुकानाच्या आधी सकाळी दोन-दोन तास. खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा शंभर पटीने बरं. तेव्हा मला बोटं जमायची नाहीत, लियाचा डावा हात वांग्यासारखा आला होता. आता बोटं बोटांसारखी आहेत. चेहऱ्यावर उजेड आलाय.

बघून आनंद व्हायला हवा. चोरीचा माल घरात ठेवल्यासारखं वाटतंय.

६ ऑगस्ट, बुधवार
उद्या जाईन. आज गौरी-गणपतीच्या ऑर्डरी.

८ ऑगस्ट, शुक्रवार
काल गेले नाही. आजही नाही. शुक्रवारी त्यांची शब्बाथची गडबड असते, हे कारण छान मिळालं.

१० ऑगस्ट, रविवार
गेले. सगळं लिहून ठेवते, नाहीतर नंतर मीच बदलीन.

नवं चित्र साडीच्या मोठ्या पिशवीत. ह. मा. नी चहा केला. भिंतीवर लिया, लांबून ठीक दिसत होती. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, मावशी, फ्रेम जरा हलकी झालीय, प्रवासाला घट्ट करून देते. त्या एकदम म्हणाल्या, नको, आहे ती ठीक आहे. मी म्हटलं, दोन दिवसांत देते. त्या म्हणाल्या, नको म्हटलं ना मंगल. असा आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता.

मी उठून चित्राजवळ गेले. फ्रेमच्या मागे डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी बांधलेली. खालच्या बाजूला कापूस खोचलेला. गालावर, ताटावर, मनगटावर ठिपके होते पण फिके, पुसून पुसून फिके झालेले.

मी खालीच बसले. म्हटलं, माझी चूक आहे. खळ घातली, मोरचूद घातलं नाही. रडू आलं, आवरलं नाही.

ह. मा. म्हणाल्या, "डिसेंबरपासून पुसतेय मी. तुला कळू नये म्हणून तर तुला घरात बोलावत नव्हते."
"पण का मावशी?"
"तू नेलं असतंस आणि नवा चेहरा करून आणला असतास. तुझा हात आता बसलाय. मला माहीत आहे ना."

मग मी पिशवीतून नवं काढलं. लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. त्यांनी दोन्ही पलंगावर शेजारी ठेवली, चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "ही छान बाई आहे. लिया छान नव्हती. लियाचा हात असाच होता, सांधेदुखीने सुजलेला. तू तेव्हा बघून काढलास."

मी सूज बघितली नव्हती. मला बोटं येत नव्हती, एवढंच. सांगितलंही तसं. त्या म्हणाल्या, असू दे, आलंय ते बरोबर आलंय.

घरी येताना रिक्षात इतकं हलकं वाटलं की खांदा नाक्याला उतरायचं विसरले. जुनी लिया मांडीवर. या वेळी विचारून आणली, फक्त बुरा काढायला.

११ ऑगस्ट, सोमवार
सरांना सगळं सांगितलं, चोरीच्या बेतासकट. म्हणाले, गाढव आहेस. मग कामाला लागले.

फ्रेम काढायची. मागची खळ ओल्या फडक्याने भिजवून हळूहळू खरवडायची, ओल पुढे जाता कामा नये. मग स्पिरिट. मग बंद ट्रंकेत ओव्याचं फूल ठेवून आठवडाभर आत. त्याच्या वासाने बुरशी मरते. काष्ठौषधीच्या दुकानात मिळालं. दुकानदाराने विचारलं, पोट बिघडलंय का? हो म्हटलं, महिनाभर.

१६ ऑगस्ट, शनिवार
खळ निघाली. जुन्या चमच्याने, बोटभर बोटभर. वैजूने अर्धी काढली, माझ्यापेक्षा तिचा हात हलका. पण कापड आता लोळागोळा झालंय, खळ होती म्हणून ताठ होतं. फ्रेमवर ओढलं तर रंगाला तडे जातील. सर म्हणतात, मागून दुसरं कापड चिकटवावं लागेल, त्याला मुंबईत तज्ज्ञ असतात, वेळ लागतो. ऑक्टोबरपर्यंत होईल याची खात्री नाही.

लिया ट्रंकेत. मी वैतागलेली.

२४ ऑगस्ट, रविवार
ब्लाउजला अस्तर लावत होते आणि हात थांबला. अस्तर! विरलेल्या जरीच्या ब्लाउजला आपण काय चिकटवतो का? अस्तर लावतो. भार अस्तर घेतं, वरचं कापड नुसतं बसून राहतं.

सरांना फोन. त्यांनी सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, रंगातून सुई नेऊ नकोस. मी म्हटलं, सर, मला शिवण शिकवू नका. मग लगेच सॉरी म्हटलं.

३ सप्टेंबर, बुधवार
गणपतीचं काम उरकलं. नवीन मांजरपाट दोन पाण्यातून काढून, आटवून, वाळवून घेतलं. अस्तर आधी आटवलं नाही तर नंतर वरच्या कापडाला ओढतं, हे मला कुणी व्हिडिओत सांगायची गरज नाही.

७ सप्टेंबर, रविवार
शिवलं. रंगाच्या बाहेरच्या दोन बोटांच्या कडेला, चारी बाजूंनी हातशिलाई. मी आणि वैजू समोरासमोर बसलो. ओढायचं ते फक्त अस्तर. वैजू म्हणाली, "आता कुटं बी नेवा, फाटायची नाय."
फ्रेमवर ओढलं. तडा नाही. एकही नाही. मी वैजूचा हात धरला आणि ती लाजली.
मनगटावरचा एक ठिपका राहिलाय. तो जात नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार
प्रदर्शनाचा पहिला दिवस. माझी नवी चार. पाचवी लिया, जुनीच, ह. मा. चा हट्ट. "विक्रीसाठी नाही." कडेची शिलाई दिसते म्हणून मी फ्रेमची पट्टी लावणार होते, सरांनी लावू दिली नाही.

दर वर्षी कुणीतरी विचारतं, कुठून शिकलात, आणि मी विषय बदलते. आज आर्ट कॉलेजातली एक मुलगी शिलाईकडे बघून विचारत होती, हे मुद्दाम केलंय का. मी तिला सगळं सांगितलं. खळ, बुरा, वांग्याचा हात, ट्रंक. माणसं जमली. कुणी हसलं नाही, हसले ते मी हसल्यावर. छातीवरून काहीतरी उतरलं.

१४ सप्टेंबर, रविवार
एकही चित्र विकलं गेलं नाही. पण पाटकर सर जाताना म्हणाले, माझ्या वडिलांच्या हातची दोन चित्रं घरी आहेत, कापड गेलंय, अस्तर लावून देशील का. बाकीच्यांसमोर म्हणाले. दुसरी लिया, "छान बाई", सुभाषने आमच्या बैठकीत लावली. तिला काही नावं ठेवायला जागा नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार
ह. मा. कडे मलिदा. कुणी दूरच्या प्रवासाला निघालं की त्यांच्यात एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने करतात. गुळातले पोहे, ओलं खोबरं, वर पाच फळं. हॉलमध्ये सामान बांधलेलं, भिंती रिकाम्या. प्रार्थना चालू असताना माझं लक्ष भिंतीवरच्या चौकोनाकडे, जिथे लिया होती.
निघताना त्यांनी मला मिठी मारली. सहाही ब्लाउज बसले म्हणाल्या.

२२ ऑक्टोबर, बुधवार
गेल्या. विमानतळावर लियाला मशीनमधून दोनदा काढलं म्हणे. बॅगेत कापड आहे की चित्र, तिथल्या लोकांना कळेना.

९ नोव्हेंबर, रविवार
ह. मा. चा फोटो आला. पांढरी भिंत, खिडकीतून ऊन, लिया वाल सोलतेय. खाली लिहिलंय, इथे हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. लियाचं बरं चाललंय.

कोरडी हवा. सर म्हणाले होतेच, कोकणातून बाहेर पडली तर टिकेल.

मग दिसलं. ताटाच्या कडेला काळसर. ठिपका मनगटावर राहिला होता, ताटाचा निघाला होता. सावली असेल, उन्हाची. किंवा. मोठं करून पाहिलं तर नुसते चौकोन दिसतात.

सुभाष म्हणाला, त्यांना कशाला विचारतेस, उगाच घोर. मी लिहिलं: मावशी, ताटाच्या डाव्या कडेला बोट लावून बघा, पावडरसारखं काही लागतं का. जे असेल ते सांगा, मला कळू नये म्हणून पुसत बसू नका. अस्तर उसवता येतं, पुन्हा घालता येतं.

पाठवला. मेसेज पोचलाय, अजून वाचलेला नाही. तिकडे आत्ता दुपार, जेवत असतील.